मला ताप आला नव्हता

खण्ण! डब्याचं झाकण फरशीवर आपटलं आणि गरगरत माझ्या पायाशी येऊन निपचित पडलं. छकुलीला घास भरवणारा आईचा हात हवेतच राहिला. तिचे डोळे माझ्या पडद्यावर खिळले होते.

मित्रांनो, मी एक जुना आकाशमापक आहे. पाय लोखंडाचे, पोटात परातीएवढा आरसा. अंधार पडला की छताची झडप उघडते आणि मी हिरव्या प्रकाशाची रेघ सरळ वर सोडतो. विमानांच्याही कितीतरी वरची विरळ हवा त्यातला कणभर उजेड परत धाडते. तो वेचायचा आणि कुठल्या थरात किती गारठा आहे ते सांगायचं, हेच माझं काम. माझा आरसा एका म्हाताऱ्या कारागिराने हाताने घासला होता. "डोळा स्वच्छ ठेव रे बाबा," असं तो मला म्हणाला होता.

नव्याची नवलाई होती तोवर पाहुणे माझ्याजवळ उभे राहून फोटो काढायचे. पुढे माझ्या पाठीवर ओले रुमाल वाळू लागले. येत्या सोमवारी मला मोडीत काढून माझ्या जागी नवं यंत्र आणायचं ठरलं. छकुलीची आई या वेधशाळेतली निरीक्षक. लेकीला सांभाळायला घरी कुणी नसलं की तिला डब्यासकट इथे आणते. माझी काच पुसणारी आता तेवढी तीच उरली आहे.

तर त्या संध्याकाळी मीसुद्धा हबकलो होतो. नेहमी कडाक्याची थंडी असणारा एक थर चार दिवसांत चाळीस अंशांनी तापला होता. आणि त्याच्या वरचा थर त्याच वेळी पार गारठला होता!

"सर, जरा येता?" आईने पलीकडच्या टेबलावरच्या प्रमुखांना हाक मारली.

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "अहो, म्हाताऱ्याला ताप आलाय! खाली ताप, वर हुडहुडी. पुसून टाका हे आकडे."

"असे कसे पुसू? हवा मोजायला आकाशात फुगा सोडणाऱ्यांना तरी विचारते."

तिने फोन लावला. पलीकडचा माणूस जवळजवळ ओरडलाच, "तुम्हालाही दिसलं? आम्हाला वाटलं, आमचाच फुगा बिघडला!"

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. "आणि मी पुसायला निघालो होतो... पण वरचा गारठा? तिथवर तर फुगा जातच नाही."

"तो फक्त याला दिसला, सर."

छकुलीने आईचा पदर ओढला. "काय झालं गं?"

"अगं, खालचा वारा डोंगरांवर आदळतो ना, त्याच्या लाटा वर वर चढतात. उंचावर जाऊन फुटल्या की एक थर तापतो आणि त्याच्या वरचा गार पडतो. सगळे थर एकमेकांना बांधलेले असतात."

"आपण दंगा केला की वरच्या मजल्यावरच्या काकू चिडतात, तसं?"

"अगदी तसंच!"

मित्रांनो, जुन्याने काही नवल सांगितलं, तर त्याला ताप आलाय म्हणण्याआधी एकदा पडताळून तरी पाहा. एवढंच मागणं आहे.

"आता तरी याला ठेवा ना, सर," आई म्हणाली.

सरांनी मान खाली घातली. "हुकूम वरून आलाय हो. नवं यंत्र चांगलं आहे, पण त्याची नजर एवढ्या उंच पोचत नाही."

आईने वाकून झाकण उचललं. छकुली माझी काच फ्रॉकने पुसत होती.

"आई, हा गेल्यावर तिथे वर पुन्हा असं झालं, तर आपल्याला कोण सांगणार?"