दीडपट वेग

शिरूरच्या स्टँडामागं हौसरावआप्पांचा कॉम्प्युटर क्लास होता, आणि त्या क्लासात न्हावऱ्याचा अक्रम मुलाणी शिकवायला होता. दोन हजार पाच सालची गोष्ट. पगार बेताचा, पण रविवारी क्लास बंद असला की सगळी मशीनं त्याच्या ताब्यात. अक्रमला तेवढं पुष्कळ होतं.

मशीनांवर विंडोजच्या जागी फुकट मिळणारं लिनक्स होतं. त्याचा गाभा, म्हणजे कर्नल, कसा लिहिलाय ते कुणालाही वाचता येतं आणि बदलताही येतं. अक्रमनं त्यातला नेटवर्कचा भाग वाचायला घेतला. माहितीचे तुकडे, म्हणजे पॅकेटं, नेटवर्क कार्डाकडं जाताना रांगेत उभी राहतात आणि रांग भरली की पाठवणारा प्रोग्रॅम थांबतो, हे त्याला खटकलं. थांबायचं कशाला? त्यानं चारदोन ओळी बदलल्या, दोन मशीनं केबलनं जोडली आणि वेग मोजला. दीडपट आला. पुन्हा मोजला, तरी दीडपटच.

आनंदाच्या भरात तो आप्पांना सांगून बसला. आप्पांनी कर्नल म्हणजे काय ते विचारलं नाही. आठवडाभरात चौकात फ्लेक्स लागला: ‘इंटरनेटचा वेग दीडपट करणाऱ्या शिरूरच्या सुपुत्राचा भव्य सत्कार’. खाली अक्रमचा फोटो, त्याच्या दुप्पट आकाराचा आप्पांचा फोटो आणि नव्या बॅचची तारीख.

सत्काराच्या दिवशी सकाळी तहमीना आली. ती अक्रमच्या कॉलेजातली, दौंडची, पुण्यात एका कंपनीत नेटवर्कचंच काम करायची. तिनं त्याच्या ओळी वाचल्या आणि विचारलं, “तू मोजलंस कुठं?”

“पाठवणाऱ्या मशीनवर.”

“आणि पलीकडं पॅकेटं पोचली किती?”

पलीकडच्या मशीनवर अक्रमनं काही मोजलंच नव्हतं. दोघांनी चाचणी पुन्हा लावली. पाठवणारं मशीन ऐटीत दीडपट दाखवत होतं, आणि पलीकडं आधीपेक्षा कमीच पॅकेटं उतरत होती. रांग भरली की अक्रमचा कोड थांबत नव्हता हे खरं, पण जास्तीची पॅकेटं तो गुपचूप टाकून देत होता. वर ती पाठवल्यात जमा धरत होता.

“टाकून द्यायला वेळ लागत नाही,” तहमीना म्हणाली. “म्हणून वेग दिसतोय.”

अक्रम तडक आप्पांकडं गेला आणि कार्यक्रम रद्द करा म्हणाला. आप्पा हारवाल्याशी बोलत होते. त्यांनी अक्रमचं सगळं ऐकून घेतलं.

“म्हंजी पाठवायचं काम तुझं झालं ना?”

“झालं, पण पोचत न्हाई आप्पा.”

“ती पलीकडच्याची अडचण हाय. मंडप घातलाय, पाव्हणं निघाल्यात. तू गप शाल घे.”

अक्रमनं शाल घेतली, नारळ घेतला; पण माईक हातात आल्यावर मात्र गप्प बसला नाही. मोजायला चुकलो, वेग वाढला नाही, उलट घटला, असं त्यानं स्वच्छ सांगितलं. पहिल्या रांगेत त्याचे अब्बा, इनुसभाई, इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. त्यांच्याकडं बघायचं त्यानं टाळलं. मग आप्पांनी माईक घेतला.

“एवढं करून पोरगं म्हणतंय, म्या काय केलंच न्हाई. ह्याला म्हणायचं संस्कार.”

टाळ्या थांबेनात. इनुसभाईंनी डोळे पुसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्रमनं त्या दोन्ही मशीनांवर जुनंच कर्नल परत चढवलं. नवी बॅच तोवर भरली होती. दुपारी वढूच्या गीताबाई मास्तरीण परगावच्या मुलाला मेल पाठवायला आल्या. पाठवून झाल्यावर म्हणाल्या, “खरंच की रे, आता लई पटकन जातंय.”

“बाई, काहीच बदललं न्हाई. पहिलंच हाय.”

“असंल. पण जातंय पटकन.”

अक्रमनं पुढं वाद घातला नाही. रविवारी तहमीना पुन्हा आली. त्यानं टाकून देणाऱ्या ओळी काढल्या, उरलेल्या नीट केल्या, आणि या खेपेला दोन्हीकडं मोजलं. एकदा नवं पुढं, एकदा जुनं पुढं. फरक म्हणावा असा निघालाच नाही.

“काय लिहायचं?” त्यानं विचारलं.

“फरक नाही, असं लिही.”

त्यानं तसंच लिहिलं आणि कर्नलवर काम करणाऱ्या जगभरच्या लोकांना मेल करून टाकली. बाहेरच्या खोलीत आप्पा एका पालकाला सांगत होते, सर आतमध्ये वेग वाढवत्यात, जरा टेका.