शेजाऱ्यांचा रंग

संख्याशास्त्रापुढं सगळी माणसं सारखी असतात. फक्त ती पुरेशी असावी लागतात, आणि हत्तरवाडीत ती पुरेशी नव्हती. अफजलपूर तालुक्याच्या पार टोकाला, राज्याच्या शिवेला टेकून बसलेलं एवढंसं गाव. पलीकडं सोलापूर जिल्हा.

त्याच गावची प्रतीक्षा कलबुर्गीत तोंडाच्या कर्करोगाचा नकाशा करत होती. धोका जास्त तिथं रंग गडद, आणि गडद गावांत तपासणीची गाडी जाणार. लहान गावात एक रोगी वाढला तरी हिशेब उलटापालटा होतो, म्हणून संगणकातलं मॉडेल त्याला शेजारच्या गावांचा रंग उसना देतं. शेजारी फिके, म्हणून हत्तरवाडी फिकी. गाडी येणार नव्हती.

आणि प्रतीक्षाच्या आईच्या, नागूबाईच्या, गालाला आतून पांढरा डाग पडला होता.

"माय, दवाखान्यात चल की," सुट्टीला घरी आलेली प्रतीक्षा म्हणाली.

"एकलीच जाऊ व्हय? बाया म्हनतील, नागूला झालं. समद्या रांगेत हुब्या ऱ्हायल्या तर मीबी तोंड उघडते."

"आन् तवर?"

"तवर मिश्री लावते."

बाप पिराप्पा मेंढरांना पाणी दाखवत होता. "लग्नाला व्हय म्हनली तेबी शेजारणीला इचारून," तो म्हणाला.

"आन् शेजारीण चुकली," नागूबाई म्हणाली.

मॉडेल आणि माय एकाच शाळेतली निघाली.

कलबुर्गीला परतल्यावर एका दुपारी कचेरीत पंख्याखाली प्रतीक्षाचे डोळे जड झाले. पडद्यावरची गावं सुटी होऊन तरंगायला लागली. ओल्या लुगड्याचा रंग धोतराला लागावा तसा एकाचा रंग दुसऱ्यात उतरत होता. निंबर्गा गाव खटकचिंचोळीच्या कानात काही सांगत होतं. हत्तरवाडी तेवढी एका कुशीनं उघडी. तिकडं ना तुरी, ना बाभळी, नुसतं पांढरं. त्या पांढऱ्यातून मावशी हाका मारत होती, "कामून मला मोजंना गं?"

ती दचकली. मावशी शिवेपलीकडं दिलेली. नकाशा राज्याबरोबर संपत होता. अर्धे शेजारी मोजलेच नव्हते.

"अहो, ते दुसरं राज्य आहे," साहेब प्रशांतकुमार म्हणाले.

"सर, आमच्या निम्म्या सोयरिकी तिकडंच."

साहेबांची सासुरवाडी शिवेपलीकडच्या अक्कलकोटची. त्यांनी तिकडच्या कचेरीला फोन लावला.

पलीकडचे आकडे आले, तिकडची गावं गडद निघाली. प्रतीक्षानं ते घातले, आपला लोभ मधे येतोय का म्हणून पुन्हा तपासले. हत्तरवाडी सावकाश जांभळी होत गेली, संध्याकाळ उतरावी तशी. आपलं गाव काळवंडलं म्हणून हसू यावं, याची तिला लाज वाटली, पण आलं.

गाडी आली. बायका ठेवणीतली लुगडी नेसून रांगेत उभ्या राहिल्या. नागूबाई बरोबर मधोमध. पुढचीनं तोंड उघडलं, मागचीनं ढोसलं, आणि तिनं आ केला. दारातून प्रतीक्षा टाचा उंचावून बघत होती.

डॉक्टरीणबाईंनी आत बॅटरी मारली, बोट फिरवलं.

तुटक्या दाढेचं टोक गालाला घासत होतं, डाग त्याचाच. दाढ काढली.