आड गल्लीचा, न्याय दौलतीचा

पेशवाईतली गोष्ट. शनिवार पेठेत हिंदुराव सरदारांनी नव्या वाड्याला भिंत घातली आणि गल्लीचा आड आत घेतला. बायकांना घागरी घेऊन नदीवर जावं लागे. त्यांत दिगंबरपंतांची बायको वासंतीही होती. पंत हे दौलतीचे मुख्य न्यायाधीश श्रीनिवासशास्त्री यांच्या कचेरीत कारकून. पण घरात विषय निघाला की म्हणत, मोठ्यांशी वाकडं कशाला? शेजारची मुक्ताबाई कासारीण मात्र गप्प बसली नाही. तिनं शास्त्रीबुवांपुढे फिर्याद मांडली.

साक्षी भक्कम होत्या. आजच निकाल द्या, भिंत जमीनदोस्त करा, असा तिनं हट्ट धरला. दुसरी बाजू न ऐकता निकाल देण्याचा अधिकार आपल्याला नाही, असं सांगून शास्त्रीबुवांनी पंतांना सरदारांकडे बोलावणं घेऊन धाडलं.

पंत नाइलाजानं वाड्यावर गेले. सरदार नुसते हसले. आमचा न्याय श्रीमंत पेशवेच करतील, हा त्यांचा निरोप घेऊन पंत परतले. आता प्रकरण मिटलंच, असं त्यांना वाटलं.

शास्त्रीबुवांनी शांतपणे विचारलं, "पंत, हे आसन कुणी मांडलं?"

"श्रीमंतांनी."

"मग इथं येण्यातच श्रीमंतांचा मान आहे. गावात, परगण्यात न सुटलेला तंटा अखेर इथं येतो. इथंच सरदाराला सूट मिळाली, तर मुक्ताबाईनं दाद मागायची कुठं?"

पंत वरमले. नदीवरून घागरी वाहून सोललेले वासंतीचे खांदे त्यांना आठवले. ते पुन्हा वाड्यावर गेले, आणि या वेळी त्यांनी नजर खाली घातली नाही.

"सरदार, आपण आला नाहीत तर पुणं म्हणेल, हिंदुराव शत्रूला भ्याले नाहीत, कासारणीला भ्याले."

दुसऱ्या दिवशी हिंदुराव आले. शास्त्रीबुवांनी त्यांचं सगळं म्हणणं ऐकून घेतलं. आड गल्लीचा ठरला. भिंत मात्र सरदारांच्याच जागेत होती. ती पाडण्याची मागणी फेटाळून, तिच्यात दार ठेवून वाट कायमची मोकळी करावी, असा निकाल झाला.

"पाणउतारा होईल असं समजून आलो होतो," हिंदुराव उठताना म्हणाले. "इथं तर न्याय झाला!"

त्यांनी स्वतः उभं राहून भिंतीत दार पाडून घेतलं. वासंती आडावर निघाली, तेव्हा पंतांनी पुढे होऊन तिची घागर उचलली. आपण अशा कचेरीत बसतो, या विचारानं त्यांची छाती फुगली होती.

बंधुभगिनींनो, सरदार आणि कासारीण जिथं एकाच आसनापुढे उभे राहतात, ते राज्य खरोखर आपलं. पण सर्वोच्च न्यायासनही फिर्यादीवाचून मुकंच असतं. अन्याय दिसला की ‘आपल्याला काय त्याचं’ म्हणू नका. दाद मागा!