एक सूत उतार

पहिली टाइल फुटलीच नाही. हातोडीचा घाव तिरपा बसला, छिन्नी उडाली आणि ठण्णकन बादलीत जाऊन पडली.

"एक शून्य," बाहेरून आवाज आला. "टाइल पुढे आहे."

आबा, म्हणजे तिचे सासरे, पॅसेजमध्ये खुर्ची टाकून बसले होते. डोळ्यांना आता उजेड आणि सावली एवढंच कळायचं, पण कान शाबूत होते आणि जीभ तर त्याहून शाबूत. तिनं छिन्नी बादलीतून काढून पुसली, दात आवळले आणि पुन्हा घाव घातला. या वेळी टाइलचा कोपरा उडाला.

"एक एक," आबा म्हणाले.

ती शिलाईकाम करायची. सुई-दोरा, कात्री, मशीन यापलीकडे तिच्या हातांनी काही धरलं नव्हतं. पण गवंडी तीन सोमवार नुसता "आलोच, आलोच" म्हणत राहिला, आणि चौथ्या सोमवारी त्यानं फोनच उचलला नाही. मग तिनं मोबाइलवर अकरा व्हिडिओ पाहिले, दुकानातून थापी आणि उतार मोजायची पाणसळ आणली, 'शिलाई नऊ दिवस बंद' अशी पाटी दाराला लावली. नवरा ट्रक घेऊन नऊ दिवसांच्या फेरीवर गेला होता. तो परत यायच्या आत बाथरूम नवं करायचं, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

"डोकं फिरलंय का तुझं?" तो फोनवर म्हणाला. मग म्हणाला, "बरं, कर. पण आतून कडी ठेवू नकोस हं. मागच्या वेळी दार तोडायला लागलं होतं."

फोन स्पीकरवर होता. आबांनी ऐकलं आणि मान दुसरीकडे वळवली.

मागच्या वेळी म्हणजे चार महिन्यांपूर्वी. जुन्या फरशीत कोपऱ्यात पाणी साचायचं, त्यावरून आबांचा पाय सटकला. दोन बरगड्या मोडल्या, दार खांद्यानं तोडावं लागलं, आणि तेव्हापासून त्या दाराला कडी राहिली नाही. आबांना त्यांचा मुलगा आंघोळ घालायचा. स्टुलावर बसून ते डोळे घट्ट मिटून घ्यायचे. तसं पाहिलं तर मिटण्याची गरज नव्हती. मुलगा फेरीवर असला की आंघोळच नाही. ते आपल्या खोलीचं दार लावून ओल्या टॉवेलनं अंग पुसायचे. तिला हे दोरीवर वाळत घातलेल्या टॉवेलवरून कळलं होतं. एकदा तिनं, पाणी घालू का, असं विचारलं होतं. ते इतक्या हळू "नको" म्हणाले, की पुन्हा विचारायची तिची हिंमत झाली नाही.

म्हणून हा सगळा उपद्व्याप. आबांना एकट्याला, दार लावून, आंघोळ करता आली पाहिजे. बाकी टाइलचा रंग काय नि डिझाइन काय, चुलीत जाऊ दे.

तिसऱ्या दिवशी तिनं टाइलखालचा सिमेंटचा कोबा घातला. चारी बाजूंनी मध्याकडे, जाळीच्या भोकाकडे उतरता. चौथ्या दिवशी तो घट्ट झाल्यावर तिनं जागोजागी पाणसळ ठेवून पाहिली. सगळीकडे बुडबुडा तेवढाच कलत होता. पाठ मोडून गेली होती, नखांत सिमेंट भरलं होतं, पण तिला नाचावंसं वाटलं.

"मी येऊ का बघायला?" आबांनी विचारलं.

"या की. तुमच्या नजरेतून काही सुटायचं नाही."

ते हसले. चपला काढल्या, भिंतीला हात लावला आणि आत आले. पाऊल पूर्ण टेकवायचं, थांबायचं, मग दुसरं. असं करत ते नळाच्या कोपऱ्यापर्यंत गेले आणि तिथेच उभे राहिले.

"इथं."

"काय इथं?"

"इथं पाणी बसणार. एक सूत कमी आहे. टाचेखाली."

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तिच्या टेपवर ती रेघसुद्धा धड दिसायची नाही. चार दिवस राबल्यावर हे ऐकून तिच्या कपाळावर आठी आली.

"आबा, पाणसळ लावलीय मी. बरोबर दाखवतेय."

"मग असेल बरोबर. माझं काय जातंय."

तिनं तणतणत पाण्याचा मग भरला आणि ओतला. पाणी सरळ जाळीकडे पळालं. ती 'बघा' म्हणणार होती, पण तोंड उघडंच राहिलं. सगळं पाणी गेलं होतं, एवढंसं सोडून. ते आबांची टाच जिथे होती तिथे, त्या टाचेएवढंच, शांतपणे बसून राहिलं होतं.

"अगं बाई," ती म्हणाली.

तिनं वाकून पाणसळ पुन्हा ठेवली. तिची दोन फुटी पट्टी खड्ड्याच्या दोन्ही काठांवर टेकत होती आणि खड्डा पट्टीच्या पोटाखाली लपला होता. यंत्राला दिसला नाही, तिला दिसला नाही. न दिसणाऱ्या माणसाला दिसला.

"कसं कळलं तुम्हाला?"

"पस्तीस वर्षं कालव्यावर चाललोय," आबा म्हणाले. "पाणी सोडायचं, बंद करायचं, फुटलं की बुजवायचं. कालवा मैलाला फूटभर उतरतो. डोळ्यांना सपाटच दिसतो. पाण्याला मात्र कळतं. पायाला कळायला पाच वर्षं लागली."

लग्न होऊन अकरा वर्षं झाली होती. आबा कालव्यावर कामाला होते एवढंच तिला माहीत होतं. ते काम म्हणजे काय, हे तिनं कधी विचारलं नव्हतं. तिनं त्यांच्या पावलांकडे पाहिलं. रुंद, भेगाळलेली, अंगठे बाहेर वळलेली. रोज पॅसेजमध्ये दिसायची ती. आज ती त्यांच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहत होती.

मग कामाची रीतच बदलली. ती थापायची, आबा चालायचे. "अजून जरा." "बास." "इथं झकास." ती मगभर पाणी ओतायची आणि दर वेळी पाणी आबांच्या बाजूनं साक्ष द्यायचं. एकदा तिनं मुद्दाम दोन ठिकाणी चूक ठेवून पाहिली. दोन्ही सापडल्या, वर "परीक्षा घेतेस होय?" हेही ऐकून घ्यावं लागलं.

टाइल कापताना मात्र तिनं माती खाल्ली. कडेच्या सहाही टाइल बसेनात. टेप लावून पाहिलं तर प्रत्येक अर्धा इंच मोठी. तिलाच कळेना असं कसं झालं, आणि मग कळलं तेव्हा ती कपाळाला हात लावून खाली बसली. कापड कापताना शिवणीत जायला अर्धा इंच जादा धरतात, तसा तिच्या हातानं आपसूक धरला होता.

"काय झालं?"

तिनं सांगितलं. आबा इतके हसले की बरगडी धरावी लागली.

"मग आता दुमड आणि मार शिलाई!"

सातव्या दिवशी खरखरीत टाइल बसून त्यांच्या मधल्या दरजा भरून झाल्या. आबा दुपारी झोपले असताना तिनं चपला काढल्या, डोळे मिटले आणि आत उभी राहिली. आधी काहीच कळेना. थंडगार टाइल, बस. ती तशीच राहिली. मग कधीतरी डाव्या टाचेला वाटलं, की उजवी किंचित खाली आहे. ती एक पाऊल सरकली. आता दोन्ही अंगठे खाली. या जमिनीला सगळीकडून एकाच जागेची ओढ होती, आणि ती तिनंच घातली होती. घरातली एवढीशी चार बाय सहाची जागा, आणि आबांनी असे किती मैल ओळखले असतील!

आठव्या दिवशी ती दाराला भोकं पाडत होती.

"काय बसवतेस?" आबांनी विचारलं.

"कडी."

आबांनी दारावर हात ठेवला.

"तो नको म्हणाला होता."

"बाथरूम मी केलंय," ती म्हणाली.

कडी नवी आणि घट्ट होती. लावताना, उघडताना असा खाट् आवाज करायची की घरभर ऐकू जावा.

नवव्या दिवशी सकाळी तिनं बादली भरली, स्टूल ठेवलं, साबण हाताशी ठेवला. आबा खांद्यावर टॉवेल टाकून आत गेले. दार लागलं. खाट्.

ती बाहेरच्या खोलीत मशीनपाशी बसली. हात मांडीवर होते. आतून काही ऐकू येईना. पाण्याचा आवाज का नाही? नवरा म्हणाला होता ते खरंच होतं का? उठू का?

"मशीन का बंद आहे?" आतून आवाज आला.

"दोरा तुटलाय!"

"दोरा तुटलाय म्हणे. कान लावून बसलीयस. काम कर तुझं!"

तिनं पाय मारायला सुरुवात केली. सुईत दोरा नव्हता, सुईखाली कापड नव्हतं. मशीन नुसतं खडखड चालत होतं, आणि त्या खडखडीतून तिला कधी पाणी ऐकू आल्यासारखं वाटायचं, कधी नाही. बऱ्याच वेळानं तिला राहवलं नाही. तिनं पाय थांबवले आणि कडीच्या आवाजाची वाट पाहू लागली.

खाट् झालंच नाही. दार नुसतं लोटलं तसं उघडलं आणि आबा बाहेर आले. केस ओले, चेहरा लाल, अंगात स्वच्छ सदरा.

ती उठून दाराशी गेली. कडी मागे सरकवलेली होती. मशीन चालू असताना कधीतरी त्यांनी ती हळूच काढून ठेवली होती, तिला घोर नको म्हणून.

तिनं कडीवरून बोट फिरवलं.

"पाणी थांबलं का कुठं?" तिनं विचारलं.

"थेंब नाही." आबांनी भिंत चाचपत खुर्ची गाठली. "आणि तुझी शिलाई? झाली का?"

"झाली," ती म्हणाली.