तीन पायांचं हरीण

बस थांबली तेव्हा मास्तरांना पहिलं हरीण दिसलं ते गावाच्या पाटीवर. मान मागे वळवलेली, शिंगं जरा जास्तच मोठी आणि पाय तीन. दुसरं बेकरीच्या काचेवर होतं. तिसरं शाळेतून घरी निघालेल्या मुलींच्या खिशांवर, आणि चौथं पाण्याच्या टाकीवर, चांगलं दोन पुरुष उंच. सगळ्यांची मान मागे, सगळ्यांचे पाय तीन. मास्तर उठले होते तसेच पुन्हा सीटवर बसले.

"अहो, उतरा की! मागे लोक खोळंबलेत," बायको म्हणाली.

"गुडघा," मास्तर म्हणाले.

गुडघ्याला काहीही झालं नव्हतं. मास्तरांचा गुडघा अडचणीच्या वेळी मदतीला धावून येणाऱ्यातला होता. गेल्या तीस वर्षांत त्याने तीन लग्नं आणि एक नाट्यस्पर्धेचं परीक्षण चुकवलं होतं. पण बायको त्याला पुरती ओळखून होती. तिने सरळ दंडाला धरून नवऱ्याला खाली उतरवलं.

मास्तर म्हणजे निवृत्त चित्रकला शिक्षक, वय अडुसष्ट. सहल ठरवली होती बायकोने. पत्रकावर छापलं होतं: चुनखडीचा प्रदेश, निसर्ग, वारसा आणि हस्तकला, तीन दिवस. शाळेत लागण्याआधी, चोविसाव्या वर्षी, नवऱ्याने इथल्या गुहेत दोन महिने काम केलंय, भिंतीवरची जुनी चित्रं ट्रेसिंग पेपरवर उतरवून घेतलीत, हे तिला ठाऊक होतं. म्हटलं, खूश होतील. मास्तर दोनदा नाही म्हणाले, तिसऱ्यांदा गुडघा पुढे केला, तोवर तिकिटं काढून झाली होती. मग त्यांनीही मनाची समजूत घातली. चव्वेचाळीस वर्षं झाली, आता कोण ओळखणार? फक्त एक अट घातली, की मी इथे पूर्वी आलो होतो हे कुणाला सांगायचं नाही. बायकोला वाटलं, विनय. लग्नाला चाळीस वर्षं झाली तरी असे गोड गैरसमज राहतातच.

गुहा दाखवायला एक उंच, किडकिडीत माणूस होता. सारा गाव त्याला बांबू म्हणायचा आणि त्यालाही त्याचं काही वाटत नव्हतं. त्याने आधी डोंगर दाखवला. पाणी मुरून मुरून दगडाला पडलेल्या घळी, त्यांत उगवलेली नेची, जमिनीत गडप होऊन कोसभर लांब पुन्हा वर येणारा ओढा. मग त्याने सगळ्यांच्या डोक्यावर हेल्मेट चढवली आणि आत नेलं.

"हे पाणी साधं नाही बरं का," बांबू म्हणाला. "वरून येताना डोंगरातला चुना विरघळवून आणतं आणि इथे थेंबाथेंबाने परत ठेवून जातं. हे वर लोंबतंय ते सगळं त्याचंच काम. एका बोटाएवढं व्हायला हजार वर्षं लागतात. घाई नाही कुणाला."

लोक हसले. मास्तर हसले नाहीत. त्यांना प्रत्येक वळण आठवत होतं. डावीकडे हातांचे ठसे, पुढे कोळशाने काढलेला रानरेडा, खांद्याची ती एकटाकी रेघ. ती रेघ पाहून चोविसाव्या वर्षी त्यांना रडू आलं होतं. ही चित्रं खरी होती. हजारो वर्षांची, अस्सल. मास्तरांना हे कुणालातरी ओरडून सांगावंसं वाटलं.

"आता वाका," बांबू हळू आवाजात म्हणाला. "आता आमचं हरीण."

मागच्या कोनाड्यात विजेरीचा झोत पडला. तेच. मान मागे, शिंगं मोठी. शिंगांचं माप तेव्हाही चुकलं होतं. वरून पाणी झिरपून झिरपून चित्रावर चुन्याचा पातळ, काचेसारखा थर चढला होता. त्या थराखाली ते असं काही म्हातारं दिसत होतं की क्षणभर मास्तरांनाही खरं वाटलं.

"काढणारा चित्र काढत होता," बांबू सांगू लागला. "तीन पाय झाले आणि बाहेरून हाक आली. शिकारीची असेल, लढाईची असेल. तो गेला. परत आला नाही. चौथा पाय राहिला तो राहिलाच."

सहलीतल्या दोन बायकांनी डोळे पुसले. त्यांतली एक मास्तरांचीच होती.

हाक आली होती हे खरं होतं. जेवायला बोलावलं होतं. कामाचा शेवटून दुसरा दिवस, हाताशी कोळशाचा तुकडा, समोर कोरी भिंत, आणि अंगात त्या वयाची मस्ती. त्या रानरेड्यापुढे आपली रेघ कशी दिसते ते बघावं, एवढंच मनात होतं. हरणाचे तीन पाय झाले आणि कामावरच्या साहेबांनी हाक मारली. मास्तरांनी खिशातला रुमाल काढून ते घाईघाईने पुसायला घेतलं, पण ओल्या दगडावर काजळी पसरायलाच लागली. म्हटलं, सकाळी पाणी आणून धुऊन काढू. सकाळी ते पोचण्याआधी गुहेत उजेड धरणारा गावातला कंदीलवाला आत पोचला होता. "साहेब, इथे अजून एक आहे! हरीण आहे!" असं तो ओरडला आणि साहेबांनी त्याला सगळ्यांसमोर मिठी मारली. मास्तर मागे उभे होते. तोंड उघडलं असतं तर साहेबांच्या शिफारशीने मिळणारी शाळेतली नोकरी गेली असती, आणि त्या कंदीलवाल्याचा फुललेला चेहराही. म्हणून ते गप्प बसले. नोकरी आधी आठवली आणि चेहरा नंतर, हेही खरं आहे.

"परवा मोठी माणसं येताहेत," बांबू म्हणाला. "कोळशाचं वय काढणार. चित्रांना धक्का नको म्हणून एकाच ठिकाणी खरवडायची परवानगी आहे, तांदळाच्या दाण्याएवढं. कुठे ते आमच्या समितीने ठरवायचं होतं. आम्ही हरीण सांगितलं. दुसरं काय सांगणार? वय सिद्ध झालं की डोंगर राखीव होईल. नाहीतर सिमेंटवाले बसलेत टपून, निम्मा डोंगर तर त्यांनी मोजूनही ठेवलाय."

मास्तरांनी मनात हिशेब केला. हरणाचं वय निघणार चव्वेचाळीस वर्षं. मग रानरेड्यावर कोण विश्वास ठेवील? हातांच्या ठशांवर? सगळंच बनावट ठरेल, आणि ओढा, नेची, बोटाबोटाने वाढलेले ते सुळके सगळे पोत्यांत भरून जातील. हे थांबवायला एक वाक्य पुरे होतं. फक्त ते बोलायला मास्तरांना आपलं तोंड लागणार होतं, आणि ते उघडत नव्हतं.

"काय हो, पांढरेफटक पडलात," बायको म्हणाली. "खरंच गुडघा का?"

दुपारी हस्तकला. गावातल्या मोठ्या कोरीवकामाच्या शेडमध्ये दगडाची धूळ इतकी, की आतल्या चारही बायका भुवयांपर्यंत पांढऱ्या झाल्या होत्या. त्यांतली पन्नाशीची, धिप्पाड बाई मुख्य. तिला सगळे ताई म्हणत. तीच समितीचीही प्रमुख, हे बांबूने दारातच सांगून टाकलं.

ताईने पाहुण्यांना बसायला बाक दिले आणि हात न थांबवता बोलायला लागली. ओला दगड मऊ असतो, म्हणून तो खाणीतून काढल्या काढल्या पाण्यात ठेवायचा. आधी पाठ, मग मान, मग पाय. छिन्नीच्या टोकाखालून हरीण बाहेर येत होतं. तीन पाय सुटे झाले. चौथ्या पायाच्या जागी तिने दगड तसाच ठेवला, चौकोनी, छिन्नी न लावलेला.

"हा का नाही करत?" बायकोने विचारलं.

"आमच्यात करत नाहीत. बाबांनी घालून दिलंय. ते म्हणायचे, दगड ठेवा, तोडू नका. ज्याचा पाय आहे तो येऊन करील." ताईने छिन्नीने दाराकडे दाखवलं. दारावर एक फोटो होता. हातात कंदील घेतलेला, हसरा, अर्धं टक्कल पडलेला माणूस. "हरीण सापडलं ते यांना. त्याआधी वीस वर्षं त्या गुहेत कंदील धरला होता त्यांनी. मग हे काम सुरू केलं. गावातली निम्मी घरं आज या हरणावर उभी आहेत."

मास्तरांनी फोटोकडे पाहिलं. तो चेहरा. ते उठून उभे राहिले.

"हरीण खरवडू नका," ते म्हणाले. आवाज चिरका आला. "रानरेडा खरवडा. रानरेडा खरा आहे. हरीण... हरीण मी काढलंय."

कोणीतरी हसलं. मग हसू थांबलं. मास्तरांनी सगळं सांगितलं, कोळसा, हाक, सकाळ, मिठी. मध्ये थांबले असते तर पुन्हा बोलता आलं नसतं, म्हणून एका दमात सांगितलं. शेडमधल्या एकेक छिन्नीचा आवाज बंद होत गेला. बांबूचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. बायको नवऱ्याकडे अशी बघत होती, जणू हा माणूस बसमध्ये आपल्या शेजारी चुकून बसला होता.

"चव्वेचाळीस वर्षं," ती म्हणाली. "आणि मला म्हणे, कुणाला सांगू नकोस!"

ताई उठली. तिचा चेहरा धुळीने आधीच पांढरा होता, म्हणून रंग उडालेला कळला नाही.

"तुम्ही माझ्या बाबांना खोटं पाडताय," ती म्हणाली. "माझ्या दारात येऊन. ते गेले तेव्हा सारा गाव लोटला होता. काय म्हणून? तर हरीण शोधणारा माणूस म्हणून. आणि तुम्ही म्हणता त्यांना कोळशाचा गिरगोटा सापडला?"

"त्यांची काही चूक नव्हती, ताई. त्यांना कसं कळणार—"

"कसं कळणार?" ताई गरजली. "अहो, वीस वर्षं! त्या गुहेतला खडान् खडा ठाऊक होता त्यांना! डोळे मिटून फिरायचे ते आत! काल नसलेलं हरीण आज भिंतीवर आलं तर त्यांना..."

आणि तिथेच ती थांबली. आपण काय बोललो ते तिचं तिलाच ऐकू आलं. तिने फोटोकडे पाहिलं. मग ती आत गेली आणि फळीवरून पत्र्याचा एक डबा घेऊन आली. त्यात बाबांचा चष्मा होता, गुहेची जुनी किल्ली होती, आणि तळाला घडी घातलेला एक काळाकुट्ट कपडा.

"हे त्यांनी कधी धुवू दिलं नाही," ताई म्हणाली. आवाज एकदम खाली आला होता. "आई चिडायची, घाण चिंधी कशाला ठेवलीय म्हणून. ते म्हणायचे, ठेव, ज्याची आहे तो मागायला येईल."

मास्तरांना पुढे होववेना. बायकोच पुढे झाली. तिने कपडा उलगडला. काजळीने माखलेला पुरुषाचा रुमाल. एका कोपऱ्यात लाल दोऱ्याचे तीन टाके.

"सासूबाई," ती म्हणाली आणि मटकन बाकावर बसली. "धोब्याकडे अदलाबदल होऊ नये म्हणून सगळ्या रुमालांवर घालायच्या. आमच्या लग्नात दिलेल्या डझनभर रुमालांवरही हेच होते."

मास्तर रुमाल बघत होते. म्हणजे त्या सकाळी तो माणूस आत गेला, त्याने भिंत पाहिली, खाली पडलेला रुमाल पाहिला, तो उचलून खिशात घातला, आणि मग ओरडला. नखांत अजून काजळी असलेला चोविशीतला पोरगा मागे मान खाली घालून उभा होता, तो त्याला दिसला असणारच. इतकी वर्षं मास्तर समजत होते की आपण त्या माणसाला फसवलं. त्या माणसाने तर यांची नोकरी वाचवली होती आणि कधी कुणाला सांगितलंही नव्हतं. मास्तर रडायला लागले. वर्गात कधी डोळ्यांत पाणी न आणलेला माणूस, सहलीतल्या बावीस जणांसमोर हमसून हमसून रडला.

ताईने हात पुसले, फोन काढला आणि नंबर लावला.

"हं, मी समितीकडून बोलतेय. परवाची जागा बदलायची आहे. रानरेडा लिहून घ्या." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. "नाही, हरणाला हात लावायचा नाही. ते जुनं नाही, घरचं आहे. सांगते सगळं, या तुम्ही."

तिने फोन ठेवला. बांबूकडे वळून ती म्हणाली, "उद्यापासून गोष्ट बदल. खरी सांग." बांबूने मान डोलावली.

मग तिने अर्धं झालेलं हरीण उचललं, मास्तरांसमोर फळीवर ठेवलं आणि हातात छिन्नी दिली. चौथ्या पायाच्या जागी दगड तसाच होता, ओला.

मास्तरांनी छिन्नी धरली. हजारो मुलांना हरीण काढायला शिकवलेला त्यांचा हात दगडाशी येऊन थांबला.

"कुठून सुरुवात करू?" त्यांनी विचारलं.

"मला काय विचारता?" ताई म्हणाली. "पाय तुमचा आहे." आणि दगड हलू नये म्हणून तिने दोन्ही हातांनी तो पलीकडून धरला.