शेप्याच्या नावावर वाढलेला

मी खुंट बोलतोय. गच्चीवरच्या निळ्या ड्रममधलं आंब्याचं झाड म्हणून लोक मला ओळखतात, आणि घरातली बाई मला ‘शेप्या’ म्हणते. शेप्या मी नव्हे. ते नाव माझ्या डोक्यावर बांधलेल्या एका काडीचं होतं. काडी आज नाही. नाव तेवढं मला चिकटलंय, आणि ते झटकून टाकायची सोय नाही.

माझा जन्म काही सांगण्यासारखा नाही. रसाच्या कारखान्यामागे कोयींचा ढीग पडतो, त्यातली एक कोय म्हणजे मी. आई कोण, बाप कोण, कशाचा पत्ता नाही. रोपवाटिकेचा मालक पोत्यानं कोयी आणायचा आणि काळ्या पिशव्यांत रुजवायचा. आम्ही मुळं धरावीत आणि गप्प उभं राहावं, एवढीच त्याची अपेक्षा. कलम बांधायचं तर वरची काडी चांगल्या जातीची, खाली राबायला आम्ही. मला त्याचं वाईट वाटलं नाही. खुंटाकडे कोणी फळ मागत नाही, त्यामुळे नापास व्हायची भीतीही नसते.

एका सकाळी बाई आणि तिचा नवरा रोपवाटिकेत आले. नवरा शिंपी, चाळीस वर्षं दुकान चालवून नुकताच घरी बसलेला. मालक एकेक जात दाखवू लागला. “हा बुटका, ड्रममध्ये आरामात मावतो. हा दरवर्षी धरतो. हा दिसायला राजबिंडा, पण वर्षाआड रुसतो. याला रेषा अजिबात नाहीत, दातांना बरा.” शिंपी प्रत्येकाचं पान कापडासारखं चिमटीत धरून बघत होता.

बाईनं सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. “मला यातला नको. मला शेप्या पाहिजे. आमच्या आप्पांनी माहेरच्या दारात लावलेला. देठाशी नाक नेलं की शेपूचा वास यायचा बघा. भाऊ घर विकतोय. घेणाऱ्याला तिथं गाड्या लावायच्यात, आठ दिवसांत झाड पाडणार.”

“मग काड्याच घेऊन या की,” मालक म्हणाला. “ओल्या फडक्यात गुंडाळून. चार-पाच आणा काकू, सगळ्या जगत नाहीत.”

तिनं पाच आणल्या. मालकानं पाच खुंट निवडले, त्यात मी होतो. माझा शेंडा छाटला, उभी चीर दिली, काडीचं टोक तासून तिच्यात बसवलं आणि वरून प्लॅस्टिकची पट्टी घट्ट गुंडाळली. चौघांच्या काड्या काळ्या पडल्या. माझीच तेवढी फुटली. तांबूस, लुसलुशीत सहा पानं. तोवर तिकडे झाड पडलंही होतं. म्हणजे शेप्याचं जे काही या जगात उरलं होतं, ते माझ्या डोक्यावर होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला माझा अभिमान वाटला.

घरी नेताना मालकानं दोघांना बजावलं, “या पट्टीच्या खाली जे फुटेल ते लगेच खुडायचं. तो खुंटाचा फुटवा. दयामाया दाखवायची नाही.”

बाई रोज खुडायची. पाणी घालताना गप्पा मारायची. आप्पा पहिलं फळ हातात घेऊन कसे डोळे मिटून वास घ्यायचे, आणि मग ते आधी तिच्या नाकाशी धरायचे, भावाच्या नंतर. ही गोष्ट मी शंभरदा ऐकली असेन. प्रत्येक वेळी ती सांगता सांगता स्वतःही डोळे मिटायची.

मग परगावच्या लेकीला दिवस भरत आले आणि बाई तीन महिन्यांसाठी तिकडे गेली. जाताना नवऱ्याला चारचारदा सांगितलं, “अहो, पाणी विसरू नका. आणि खालचे फुटवे खुडा.”

आता माझा गुन्हा सांगतो. मी फुटलो. पट्टीच्या खालून तीन फुटवे आले, जाडजूड, हिरवेगार. मला आवरता आलं नाही. मुळांतून आलेला सगळा रस ते मधल्यामध्ये पिऊन टाकायचे, आणि वर काडीला काही पोचायचं नाही. तिची पानं करपली, मान कलली. मला सगळं कळत होतं, आणि मी फुटतच राहिलो.

शिंपी रोज येऊन बघायचा. खुडायला हात पुढे करायचा आणि मागे घ्यायचा. इतकं जोमदार आलेलं तोडायचं म्हणजे त्याच्या जिवावर यायचं. मोठा मायाळू माणूस. एका दुपारी तो आपली दुकानातली कात्री घेऊन वर आला. “वर नुसतं वाळकं लोंबतंय,” स्वतःशीच म्हणाला, “त्यापायी सगळं झाड खंगेल.” त्यानं पट्टी सोडली आणि जोडाच्या खाली, अगदी सरळ, सफाईनं कापलं. उसवलेला दोरा कापावा तसं. फुटव्यांतला एक ठेवला, दोन काढले, काठीला बांधून ताठ केला. काडी केराच्या टोपलीत गेली.

फोनवर बाईनं विचारलं, “कसाय माझा शेप्या?”

“फोफावलाय नुसता! ये तर खरी, ओळखायची नाहीस,” तो आनंदानं म्हणाला.

ती आली. मला बघून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. खाली वाकून जोड बघायचं तिच्या मनातही आलं नाही, इतका तिचा त्याच्यावर भरवसा.

चार वर्षं मोहोर नाही म्हणून शिंप्यानं एकदा मालकाला बोलावलं. बाई भाजी आणायला गेली होती. मालकानं बुंध्यावरून हात फिरवला, दुसऱ्यांदा फिरवला. “मास्तर, जोड कुठंय?”

शिंप्यानं कात्रीची हकिगत सांगितली. मालक वाकून कापल्याची जागा बघू लागला. मग म्हणाला, “हा नुसता खुंट आहे. याला काय लागेल, देव जाणे.”

“परत बांधता येईल?”

“बांधायला काडी कुठून आणणार? झाड आहे का?”

शिंपी ड्रमच्या काठावर बसून राहिला. “तिला तुम्ही काही बोलू नका. मी सांगतो सवडीनं,” तो म्हणाला. ती सवड त्याला अजून मिळालेली नाही. दोन-तीनदा तो गच्चीवर तिच्याशेजारी येऊन उभा राहिला, घसा खाकरला आणि हवेबद्दल काहीतरी बोलून खाली गेला.

यंदा, आठव्या वर्षी, मला फळं धरली. अकरा. मी नको नको म्हणत होतो. वारा आला की वाटायचं, पडावीत सगळी. चार पडली, सात राहिली. बाईनं ती उतरवली, पिकवली आणि भावाला मुद्दाम बोलावून घेतलं. “शेप्यासमोर बसूनच खायचं,” म्हणून गच्चीवर खुर्च्या मांडल्या.

तिनं पहिलं फळ उचललं, डोळे मिटले आणि देठाशी नाक नेलं. मग फळ फिरवून पुन्हा नेलं. मग कापून एक फोड तोंडात घातली. माझी फोड आंबट, चिकाळ, रेषांनी भरलेली. मला माहीत आहे मी कसा आहे.

“कसा लागतोय रे?” तिनं भावाला विचारलं.

घर विकल्यापासून भाऊ तिच्या डोळ्याला डोळा देत नव्हता. आताही बशीकडे बघत म्हणाला, “ताई, अगं हाच तो! अगदी आप्पांचा.”

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. “छान आहे की,” तो म्हणाला आणि तोंडातली फोड तशीच गिळली.

“मला वासच येत नाहीये,” ती हळूच म्हणाली. “माझीच जीभ गेली वाटतं.” थोड्या वेळानं स्वतःच हसली. “का तेव्हाही असाच होता? लहानपणी काय, सगळंच गोड लागतं.”

दोघांपैकी एकानं तरी तेव्हा तोंड उघडायला हवं होतं. मला तोंड नाही. त्यांना होतं, आणि ते आंब्यानं भरलेलं होतं.

त्या दिवसापासून ती पाणी घालते, पण बोलत नाही. आप्पांची गोष्ट तिनं पुन्हा सांगितलेली नाही. परवा शेजारीण वर आली, म्हणाली, “तुमचा तो वासाचा आंबा लागला म्हणे?” बाई म्हणाली, “कसला वास! साधाच आंबा होता हो. मीच उगाच कौतुक करायचे.”

झाड पाडलं, काडी कापली, तरी शेप्या कुठेतरी शिल्लक होता. तिच्या नाकात होता, जिभेवर होता. तिथूनही तो माझ्यामुळे गेला. आता त्याची आठवण असलेलं कोणी नाही. भावाला ती कधी होती की नाही, कोण जाणे.

मला तोडा, माझी काही तक्रार नाही. पण त्याआधी, वाचणाऱ्या माणसा, तुला पाय आहेत आणि वाचा आहे. जिना उतरून खाली जा. ती स्वयंपाकघरात असेल. तिला एवढंच सांग, की बाई, हा शेप्या नव्हताच. तुमची जीभ खरी होती.