टँकरचा खेळ

मित्रांनो, मी एक जुना कॉम्प्युटर आहे. लोहा तालुक्यातल्या डोंगरकडेच्या एका गावात, शाळेच्या कपाटाशेजारी जाड कापडाखाली मी बसलेला असतो. आज माझे बटण दाबले तर फक्त पंखा घरघरतो. तुम्ही हसाल. पण एका दुष्काळात माझ्यापुढे अख्खे गाव येऊन बसले होते. ती हकीकत सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

माझा जन्म नांदेडचा. शंकरप्पा नावाच्या कारागिराने इकडून तिकडून आणलेले भाग जोडून मला उभे केले. ते साल होते एकोणीसशे नव्व्याण्णव. परभणीतून हिंगोली हा नवा जिल्हा निघाला होता आणि नव्या कचेऱ्यांसाठी गावोगावच्या याद्या टाईप करायच्या होत्या. एका ठेकेदाराने त्यासाठी मला नेले. ज्या गावापुढे परभणी लिहिलेले असे, तिथे हिंगोली लिहायचे, हे माझे पहिले काम. जिल्हा माझ्याच पोटात तयार होतो आहे, असे वाटून मी फार फुगलो होतो.

काम संपले आणि ठेकेदाराने मला नांदेडातल्या एका गेमच्या दुकानाला विकले. तिथे मात्र माझे हाल झाले. मुले बोटांनी नव्हे, मुठींनी माझी बटणे दाबत. सगळ्यांचा आवडता खेळ एकच, मोटारींच्या शर्यतीचा. जो पुढे गेला तो जिंकला, बाकीचे धुळीत. चार वर्षांत माझ्या कितीतरी बटणांवरची अक्षरे पुसली गेली. मग दुकान बंद पडले आणि शेषेराव गजभारे यांनी मला घरी आणले. ते नांदेडच्या एका कॉलेजात शिपाई होते. निवृत्त होऊन या गावी परतताना त्यांनी आपल्या लेकीसाठी, तारामतीसाठी, मला सोबत घेतले.

तारामतीने नांदेडला कॉम्प्युटरचा कोर्स केला होता. तिचे घर बौद्धवाड्यात, ओढ्याच्या पलीकडे, गावाच्या अगदी टोकाला. उन्हाळ्याच्या सुट्टीत ती मुलांना माझ्यावर शिकवू लागली. साऱ्या गल्ल्यांमधली मुले यायची. सरपंच हणमंतरावांची नात शिवनंदा तर सगळ्यांत आधी. ताईचा धडा संपला की मुले शर्यत लावत आणि शिवनंदा नेहमी पहिली येई.

ते साल दोन हजार चार. विहिरींनी तळ गाठला होता. गावात एक दिवसाआड टँकर येई आणि चावडीपाशी उभा राही. चावडीजवळच्यांची पिंपे भरत. ओढ्यापलीकडच्या बाया घागरी घेऊन पोचेपर्यंत टँकरचा तळ वाजू लागलेला असे. एके दिवशी त्या रेटारेटीत तारामतीची आई, सरजाबाई, खाली पडल्या. त्यांचे उजवे मनगट मोडले आणि घागरही फुटली.

आईचा हात प्लास्टरमध्ये घालून तारामती लोह्याहून परतली, तेव्हा मुले माझ्यापुढे शर्यत खेळत होती. ती क्षणभर पाहत राहिली आणि तिने खेळ बंद केला.

"कामून बंद केलास गं?" शेषेराव म्हणाले. "लेकरं खेळून राहिली होती की."

"खेळू द्या की बाबा. पर पळापळीचा खेळ आता न्हाई. ह्योच रस्ता, हीच गाडी घेते अन् दुसरा खेळ करते."

आणि ती कामाला लागली. बेसिक नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत ती एकेक ओळ लिहू लागली. लोडशेडिंगचे दिवस होते. दुपारी तीन तास वीज येई आणि तीही मध्येच जाई. एकदा चाळीस ओळी माझ्या डोक्यातून पार पुसल्या गेल्या. मला शरम वाटली. ती मात्र कागदावर ओळी आठवत बसली आणि दुसऱ्या दिवशी तिने त्या पुन्हा लिहिल्या. त्यानंतर दर दहा ओळींनी ती लिहिलेले फ्लॉपीच्या चकतीत साठवू लागली. नवव्या दिवशी खेळ उभा राहिला.

मोटारीचा टँकर झाला होता आणि शर्यतीचा रस्ता गावात शिरला होता. पाच गल्ल्यांचे पाच चौकोन. एकेका मुलाने एकेक गल्ली सांभाळायची. ज्या गल्लीचे पाणी संपेल तिचा चौकोन लाल होणार, आणि एक जरी चौकोन लाल झाला तरी खेळ सगळ्यांचाच संपणार.

"ताई, ह्याच्यात पळायचंच न्हाई?" मुले हिरमुसली.

"न्हाई. डोकं चालवायचं."

चिठ्ठ्या टाकल्या. शिवनंदाला ओढ्यापलीकडची गल्ली आली. टँकर चावडीवर थांबला आणि थोड्याच वेळात तिचा चौकोन लाल झाला. पुन्हा खेळली, पुन्हा लाल. तिसऱ्यांदा तिचे डोळे भरून आले.

"ताई, तुमी ह्याच्यात खोट ठेवलीय! ह्या गल्लीला कवाच जिंकता येत न्हाई!"

"खोट न्हाई गं," तारामती हळूच म्हणाली. "गावात जसं हाय तसंच केलंय."

माझ्या पडद्यावर तो लाल चौकोन तसाच राहिला. मग शिवनंदाने नाक पुसले आणि विचारले, "टँकर दरवेळी चावडीवरच थांबला पाहिजे का?"

तिथून खरा खेळ सुरू झाला. मुलांनी टँकर इकडे थांबवून पाहिला, तिकडे थांबवून पाहिला. चार दिवस भांडली, हरली, पुन्हा बसली. शेवटी गणित जुळले. टँकर पाळीपाळीने प्रत्येक गल्लीत न्यायचा आणि प्रत्येक घराला दोन घागरी मिळाल्याशिवाय कोणाला तिसरी द्यायची नाही. पाचही चौकोन हिरवे राहिले.

शिवनंदाने आजोबांना ओढत आणले. हणमंतराव माझ्यासमोर अवघडून बसले. नातीने त्यांना ओढ्यापलीकडची गल्ली दिली आणि टँकर मुद्दाम चावडीवर ठेवला. ते दोनदा हरले आणि ताडकन उठले.

"खेळात काय, काहीबी दाखवता येतंय!" एवढे बोलून ते निघून गेले. पुढचा टँकरही चावडीवरच थांबला.

तारामती खचली नाही. ग्रामसभेच्या दिवशी तिने मला हातगाडीवर ठेवले, गोधडीने बांधले आणि गल्लीतल्या बायांनी गाडी ओढ्यातून ढकलत शाळेत नेली. त्या खडकाळ ओढ्यात माझे स्क्रू न् स्क्रू खिळखिळे झाले. तरी मनाशी म्हटले, आज बंद पडायचे नाही.

"ग्रामसभा हाय का गेमचं दुकान?" मागून कोणीतरी ओरडले. लोक हसले. तेव्हा सरजाबाई उठल्या. हात गळ्यात बांधलेला होता.

"हणमंतराव, तुमची नात खेळात हरली तर रडली. लेकरूच हाय ते. आमी मातर दिसाआड हरतो, अन् रडायला बी येळ नसतो. पोरांनी इंतजाम शोधलाय, तेवढा बघा. मग काय हसायचं ते हसा."

हसू थांबले. तारामतीने खेळ लावला. मुलांनी आधी जुनी रीत दाखवली, मग नवी. चावडीसमोर राहणारी म्हातारी धोंडाबाई पदर सावरत म्हणाली, "टँकर माझ्या दारात थांबतो, म्हून मी आजवर तोंड उघडलं न्हाई. माझंच चुकलं. पाळी लावा."

हणमंतराव खाली बघत होते. मग ते म्हणाले, "पंधरा दिवस करून बघू."

पहिली पाळी ओढ्यापलीकडची निघाली. टँकर गावात शिरताच दोघा-तिघांनी सवयीने तो चावडीवर अडवला. तेव्हा हणमंतराव स्वतः पुढे गेले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "सरळ घे. आज पाळी तिकडची हाय." टँकर ओढा उतरून बौद्धवाड्यात आला. सरजाबाईंनी डाव्या हाताने घागर धरली आणि शिवनंदाने पाईप. त्या दिवशी गावात कोणी पळाले नाही.

पंधरा दिवसांसाठी लावलेली पाळी पाऊस पडेपर्यंत चालली. सगळे गोड झाले असे मी म्हणणार नाही. कुरकुर होती, एकदोनदा भांडणेही झाली. पण पाळी मोडली नाही. पुढे तारामती लोह्याच्या शाळेत शिक्षिका झाली आणि जाताना मला गावच्या शाळेला देऊन गेली. माझा बोर्ड जळाला, नवी यंत्रे आली आणि मी या कोपऱ्यात आलो.

मित्रांनो, मला नवे भाग बसवा, असा हट्ट मी धरत नाही. अधूनमधून कापड झटकलेत तरी पुरे. मागणे आहे ते तुमच्या खेळांसाठी. खेळा, जिंका, आरडाओरडा करा. पण एकच जागा दर डावात हरताना दिसली, तर ती तुम्ही मागून घ्या आणि तिथे बसून एक डाव खेळा. हरलात तर रडा हवे तर. मग डोळे पुसा आणि खेळाचे नियम बदलायला बसा.